पंखा फिरतो, पण हवा वाहते का?



एखाद्या मोठ्या रुग्णालयात, नाट्यगृहात किंवा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलात, तर छताजवळून जाणाऱ्या पत्र्याच्या रुंद नळ्या तुम्ही पाहिल्या असतील. कारागीर त्यांना ‘डक्ट’ म्हणतात. आतली दूषित हवा बाहेर नेणे किंवा बाहेरची ताजी हवा आत आणणे हे त्यांचे काम. नळीच्या एका टोकाला, पुष्कळदा गच्चीवर, मोठा पंखा असतो. खाली भिंतीवर त्याचे बटण असते आणि बटणाशेजारी एक लहानसा हिरवा दिवा असतो. दिवा लागला, की वायुवीजन चालू आहे असे आपण समजतो आणि आपल्या कामाला लागतो.

माझे म्हणणे असे आहे, की हा दिवा भरवशाचा नाही. जेथे हवेवर माणसाचा जीव अवलंबून आहे तेथे तो काढून टाकावा आणि त्याच्या जागी, डक्टमधून खरोखर पुरेशी हवा वाहत असेल तरच लागणारा दिवा बसवावा. यासाठी डक्टमध्ये हवेचा प्रवाह ओळखणारा संवेदक, ज्याला सर्वजण सेन्सर म्हणतात, तो बसवावा लागतो. तो योग्य जागी बसवायला थोडे जास्त पैसे लागतात, आणि ते खर्च केले पाहिजेत असेही माझे मत आहे. हे मत कसे झाले ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मला बोलावणे आले. तेथे एक फ्यूम कपाट होते. फ्यूम कपाट म्हणजे समोर वर-खाली सरकणारी काच असलेले, वरून डक्टला जोडलेले कपाट. विषारी किंवा उग्र वायू बाहेर पडणारे प्रयोग त्याच्या आत करायचे, म्हणजे वायू प्रयोग करणाऱ्याच्या नाकाकडे न येता डक्टमधून वर जातो. त्या दिवशी कपाटात किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करण्याचे काम चालले होते. हाच तो सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू. हिरवा दिवा लागलेला होता आणि गच्चीवरून मोटारीचा आवाजही येत होता. तरी थोड्याच वेळात दोन विद्यार्थिनींची डोकी दुखू लागली आणि एकीला उलटी झाली. सुदैवाने खिडक्या लगेच उघडल्या गेल्या, त्यामुळे पुढचा प्रसंग टळला.

मी गच्चीवर गेलो. मोटार व्यवस्थित फिरत होती, पण मोटार आणि पंखा यांना जोडणारा पट्टा तुटून खाली पडला होता आणि पंखा स्वस्थ उभा होता. खाली येऊन हे सांगितले तेव्हा तेथील लॅब असिस्टंट कळवळून म्हणाले, “पण सर, दिवा तर लागला होता!”

त्यांचे काही चुकले नव्हते. दिव्याची तार बटणाच्या पुढे जोडलेली होती. बटण दाबून मोटारीकडे वीज सोडली एवढेच त्या दिव्याला माहीत होते. वीज आणि हवा यांच्यामध्ये मोटार, पट्टा, पंखा, झडप, डक्ट अशी सगळी साखळी असते, आणि तिच्यातील कोणतीही कडी तुटू शकते. कधी झडप गंजून मिटलेली राहते. कधी जाळीवर धूळ आणि कबुतरांची पिसे यांचा थर बसतो. एक प्रकार तर मोठा मजेदार आहे. तीन फेजच्या मोटारीच्या दोन तारा दुरुस्तीच्या वेळी अदलाबदल होऊन जोडल्या गेल्या, तर मोटार उलटी फिरू लागते. साधा पात्यांचा पंखा उलटा फिरला तर हवा उलट्या दिशेने जाईल आणि ते चटकन लक्षात येईल. परंतु गोगलगायीच्या शंखासारख्या घरात बसवलेला पंखा उलटा फिरला, तरी हवा त्याच दिशेने फेकतो, फक्त पुष्कळ कमी. मोटार फिरते, आवाज येतो, तोंडाशी हात धरला तर वारा लागतो, दिवा तर लागलेला असतोच, आणि डक्टमधून हवा मात्र हवी त्यापेक्षा फारच कमी जात असते.

आता तुम्ही म्हणाल, “दिवा खोटे बोलला तरी आपले नाक आहे ना!” हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत नाकावर मुळीच भिस्त ठेवू नका. हा वायू अगदी थोडा असताना नाकाला लगेच कळतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरएक भाग झाले, की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे माणसाला वाटते, आणि त्याच वेळी धोका वाढलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो.

दिलेला हुकूम आणि घडलेले काम यांत फरक न करण्याची चूक केवळ एका प्रयोगशाळेची नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला. अणुभट्टीचा दाब वाढल्यावर उघडणारी एक झडप उघडली, आणि नंतर ती मिटायला हवी होती, पण उघडीच अडकून राहिली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला, कारण तो झडपेच्या स्थितीला जोडलेला नव्हता. झडपेला ‘मीट’ असा हुकूम गेला की तो विझत असे. कर्मचाऱ्यांना झडप मिटली असे वाटले. दोन तासांहून अधिक काळ त्या झडपेवाटे अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी निघून जात राहिले आणि भट्टीतील इंधनाचा जवळजवळ अर्धा भाग वितळला. अपघाताला आणखीही कारणे होती, परंतु त्या दिव्याचा वाटा मोठा होता.

पुन्हा आपल्या प्रयोगशाळेकडे येऊ. सेन्सर बसवायचे ठरले. पण कोणता?

सर्वांत साधा म्हणजे पातीचा. डक्टमध्ये पातळ पत्र्याची एक पाती टांगतात. वाऱ्याने ती कलली की तिच्या टोकाचा छोटा स्विच दाबला जातो. हा स्वस्त आहे, पण हवा आहे की नाही एवढेच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. दुसरा तापलेल्या तारेचा. वारा लागला की तार थंड होते, आणि ती किती थंड होते यावरून वेग कळतो. हा फार संवेदनशील असतो, परंतु आम्लांच्या वाफांमध्ये त्याचा टिकाव लागत नाही. आम्ही तिसरा निवडला, तो म्हणजे पिटो नळी.

आंरी पिटो हा फ्रेंच अभियंता. इ. स. १७३२ मध्ये त्याने पॅरिसच्या सेन नदीत एक वाकवलेली काचेची नळी प्रवाहाकडे तोंड करून धरली. वाहते पाणी नळीच्या तोंडावर आदळले आणि नळीतल्या पाण्याची पातळी वर चढली. प्रवाहाचा वेग जितका जास्त, तितकी चढ जास्त. नदी जसजशी खोल जाते तसतसा तिचा वेग वाढतो, असे त्या काळच्या अभियंत्यांचे मत होते. पिटोने मोजून पाहिले तर उलटेच निघाले. मत पुष्कळ वर्षांचे होते, पण नळी पाण्यात धरून पाहण्याचे कष्ट आधी कोणी घेतले नव्हते!

हवेसाठी वापरायच्या पिटो नळीत दोन नळ्या एकीत एक बसवलेल्या असतात. एकीचे तोंड समोरून येणाऱ्या हवेकडे असते, तर दुसरीची बारीक छिद्रे बाजूला असतात. दोन्हींतल्या दाबांचा फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. नेहमीच्या हवेसाठी सूत्र सोपे आहे. मीटर दर सेकंद या एककातील वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणा, म्हणजे दाबातील फरक पास्कलमध्ये मिळेल.

आता आमचा हिशेब पाहा. कपाटाच्या तोंडाशी हवा साधारण अर्धा मीटर दर सेकंद या वेगाने आत जावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. तोंडाची रुंदी १.२ मीटर आणि काच अर्धा मीटर उघडलेली. म्हणून क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर, आणि हवा दर सेकंदाला ०.३ घनमीटर. हीच सगळी हवा पुढे ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोल डक्टमधून जायची. डक्टच्या छेदाचे क्षेत्रफळ ०.०७ चौरस मीटर, म्हणजे डक्टमधला सरासरी वेग सुमारे सव्वाचार मीटर दर सेकंद. सूत्रात घातला की दाबाचा फरक येतो सुमारे ११ पास्कल. म्हणजे किती? जेमतेम एक मिलीमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाएवढा! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यानंतर खरा वाद झाला तो जागेवरून. कपाटातून डक्ट सरळ वर जाई, छताशी एक वळण घेई, भिंतीतून बाहेर पडे, पुन्हा वळून बाहेरच्या भिंतीला लागून चार मीटर सरळ चढे आणि गच्चीवर पंख्याला मिळे. फिटर अनुभवी होता. तो म्हणाला, “साहेब, ह्या आतल्या वळणाच्या पुढंच भोक पाडतो. शिडी पोचते, वायरही कमी लागते. हवा काय, इथं वाहते तीच तिथं वाहते.”

त्याचे शेवटचे वाक्य खरे आहे. जितकी हवा वळणातून जाते तितकीच पुढच्या सरळ नळीतून जाते. पण ती तशाच रीतीने जात नाही. गर्दीने भरलेली एस. टी. बस जोरात वळली की सगळी माणसे एका बाजूला रेलतात. वळणावर हवेचेही तसेच होते. बाहेरच्या कडेने ती जोरात धावते आणि आतल्या कडेला रेंगाळते, तेथे भोवरेही उठतात. आम्ही वळणानंतर लगेच एक तात्पुरते भोक पाडून मोजले. बाहेरच्या कडेपाशी वेग भरला सहा मीटर, आतल्या कडेपाशी दोन मीटर. एकाच नळीत, एकाच क्षणी! सेन्सरचे टोक बाहेरच्या कडेजवळ आले असते, तर त्याने दीडपट हवा दाखवली असती, आणि हवा पुष्कळ कमी झाली तरी हिरवा दिवा दिमाखाने लागून राहिला असता. असा सेन्सर नसलेला बरा, कारण जुन्या दिव्यावर निदान आता कोणाचा विश्वास उरला नव्हता.

वळणानंतर हवेची घडी पुन्हा नीट बसायला अंतर लागते. साधारण नियम असा आहे, की सेन्सरच्या आधी डक्टच्या व्यासाच्या साडेसात पट आणि नंतर तीन पट इतकी सरळ नळी असावी. आमचा व्यास ३० सेंटिमीटर. म्हणजे आधी सव्वादोन मीटर आणि नंतर ९० सेंटिमीटर. एवढी सरळ नळी एकाच ठिकाणी होती, बाहेरच्या भिंतीवर, दुसऱ्या मजल्याच्या उंचीला. तेथे काम करायचे तर बांबूंची परांची बांधायला हवी. परांचीचा खर्च सेन्सरच्या किमतीपेक्षा अधिक निघाला आणि महाविद्यालयाच्या कार्यालयातून विचारणा आली, “मोजण्याच्या नळीपेक्षा ती लावायला जास्त पैसे, हे कसे?”

प्रश्न रास्त होता, आणि अशा वेळी पुष्कळ जण माघार घेतात. मीही क्षणभर विचारात पडलो. परंतु यंत्राची किंमत आणि मोजमापाची किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांचा थर्मामीटर कितीही उत्तम असला, तरी तो सदऱ्यावरून काखेत धरला तर ताप कळत नाही. परांची बांधली गेली.

वर चढल्यावर सेन्सर खोचला आणि झाले, असे नाही. सरळ नळीतही मध्यभागी हवा जलद आणि कडेला सावकाश वाहते. म्हणून आधी एकमेकांना काटकोनात असणाऱ्या दोन व्यासांवर प्रत्येकी दहा ठिकाणी पिटो नळी धरून वेग मोजले आणि त्यांची सरासरी काढली. येथे एक गंमत सांगतो. वहीत करून पाहा. समजा दोनच ठिकाणी मोजले आणि वेग आले दोन आणि सहा. सरासरी चार. आता त्यांचे दाब काढा, २.४ आणि २१.६ पास्कल. दाबांची सरासरी १२. तिच्यावरून वेग काढलात तर येतो जवळजवळ साडेचार! उत्तर एवढे फुगले कशाने? दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे मोठा वेग सरासरीला आपल्याकडे ओढतो. म्हणून आधी प्रत्येक ठिकाणचा वेग काढावा आणि मग त्या वेगांची सरासरी घ्यावी. मोठी माणसेही येथे चुकतात.

या मोजणीवरून कायमच्या नळीची खोली ठरवली, तिचे तोंड हवेच्या बरोबर समोर केले, आणि भोकाभोवतीची फट नीट बुजवली. बुजवली नाही तर तेथून बाहेरची हवा आत शिरते. दोन रबरी नळ्या खाली आणून दाबाच्या स्विचला जोडल्या. सात पास्कलच्या वर दाब असेल तर हिरवा दिवा, खाली उतरला तर घंटा. दाब ११ वरून सातवर येतो तेव्हा हवा २० टक्क्यांनी कमी झालेली असते. घंटेला वेगळी बॅटरी दिली, कारण वीज गेली तर पंखाही बंद पडणार, आणि नेमकी तेव्हाच घंटा हवी. जोडणीही अशी केली की सेन्सरची तार तुटली तर घंटा वाजावी. आपल्या रेल्वेचे जुने हाताचे सिग्नल याच तत्त्वावर असत. ओढतार तुटली की हात आपोआप आडवा होऊन गाडीला थांबवी.

पहिल्या पावसाळ्यात हिरवा दिवा लागेना आणि घंटा वाजत राहिली. पंखा ठीक, पट्टा ठीक. मग लक्षात आले की एक रबरी नळी मध्ये झोळासारखी लोंबत होती. डक्टमधल्या दमट हवेतले पाणी तिच्यात साचले होते. मोजायचा दाब एक मिलीमीटर पाण्याचा, आणि झोळात पाणी दोन बोटे! नळीला डक्टकडे सतत चढ किंवा सतत उतार हवा, आणि तळाशी पाणी काढून टाकायला तोंड हवे. ही चूक माझी होती. फिटरने ती मला हसत हसत दाखवली, आणि तो त्याचा हक्कच होता.

पिटो नळी तुंबणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट मात्र नाही. विमानाचा वेग हीच नळी सांगते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेले बर्जेनएअर कंपनीचे विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व १८९ माणसे गेली. एका वैमानिकाचा वेगदर्शक चुकीचे आकडे दाखवत होता. विमान त्याआधी बरेच दिवस जमिनीवर उभे होते, आणि पिटो नळीत बहुधा मातीचे घर बांधणाऱ्या माशीने, म्हणजे आपल्या कुंभारणीच्या एका भावंडाने, घरटे केले असावे असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा सेन्सर बसवला, की त्याला पाहत राहण्याचे कामही आपल्याकडे येते.

हे सगळे मोठ्या खर्चाचे लाड आहेत, असे कोणी म्हणेल. प्रत्येक स्वयंपाकघराच्या धुराड्याला सेन्सर लावा असे मी म्हणत नाही. तेथे धूर डोळ्यांना दिसतो. पण कोळशाच्या खाणींचा कायदा पाहा. नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत जमिनीखालच्या कोळशाच्या खाणी आहेत. सर्वांत मोठ्या पाळीत खाणीच्या एका भागात जितकी माणसे असतील, त्या प्रत्येकामागे मिनिटाला किमान सहा घनमीटर हवा मिळाली पाहिजे असा आपल्या देशातील नियम आहे, आणि कोळसा जास्त निघत असेल तर त्या मानाने याहूनही अधिक. मुख्य म्हणजे ही हवा कोठे मोजायची हेही नियमात सांगितले आहे. खाणीच्या तोंडाशी पंखा केवढा आहे हे विचारलेले नाही. त्या भागातील हवेच्या शेवटच्या जोडवाटेतून ती गेली पाहिजे, कारण वाटेत कोठे दार उघडे राहिले असेल किंवा कापडी नळी फाटली असेल, तर खाणकामगारापर्यंत हवा पोचतच नाही. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांना दिव्याची फसवणूक पुरती ठाऊक असली पाहिजे. २०२० मध्ये करोनाची साथ आल्यावर बंद खोलीतल्या हवेचा विचार आपण सर्वच जण करू लागलो. तरीही शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना असा नियम अजून कोणी मनापासून लावत नाही, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

तुमच्या शाळेत हवा बाहेर काढणारा पंखा असेल, तर आज एक सोपी गोष्ट करा. वहीच्या कागदाची बोटभर रुंद आणि वीतभर लांब पट्टी कापा. शिक्षकांना विचारून ती पंखा किंवा डक्टच्या जाळीसमोर, जाळीपासून चार बोटांवर धरा. पट्टी जाळीकडे ओढली जाते का? कडेला आणि मध्यभागी सारखीच ओढली जाते का? दार-खिडक्या सगळ्या बंद केल्यावर ती सैल पडते का? पाहिलेले तारखेसह लिहून ठेवा, आणि महिन्याने पुन्हा पाहा. बोटे मात्र जाळीपासून दूर ठेवा.

त्या प्रयोगशाळेतली घंटा अजून आहे. रोज सकाळी पंखा लावण्याआधी ते लॅब असिस्टंट तिचे बटण सुरू करतात. पंखा बंद असल्यामुळे ती कर्कश वाजू लागते. मग पंखा लावतात, हिरवा दिवा लागतो आणि घंटा थांबते. शेजारच्या वर्गातले शिक्षक या रोजच्या आवाजाला कंटाळले आहेत आणि एकदोनदा घंटेत कापडाचा बोळाही सापडला. ते तो काढून टाकतात. पंखा लावण्यापूर्वीच हिरवा दिवा लागलेला दिसला, तर त्या दिवशी कपाटात कोणालाही काम करू द्यायचे नाही, असे त्यांनी काचेवर स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवले आहे.